‘आय’ड’नंतरची जागा

३ मार्च, सोमवार
नवी डायरी. मागच्या वर्षीची नऊ जानेवारीला थांबली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडतंय. आमचा छापखाना बाहेरच्या एका कंपनीने विकत घेतला आणि आज नव्या मॅनेजर मॅडम हजर झाल्या. त्यांना आपली भाषा अजिबात येत नाही. अर्धा तास इंग्रजीत बोलल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण समजलं फक्त मला. बाइंडिंग सेक्शनचा प्रमुख म्हणून वीस वर्षं फ्रिज-मिक्सरच्या माहितीपुस्तिका तपासतोय, उगाच नाही.
किरकोळ अडचण एकच. मॅडम ‘आय’ म्हणतात आणि क्रियापद म्हणतात, त्या दोघांच्या मध्ये एक बारीकसा ‘ड’ येतो. डास चावल्यासारखा. आपल्याला कळेपर्यंत उडून गेलेला असतो.
संकल्प: महिनाभरात हा ‘ड’ पकडायचा.

४ मार्च, मंगळवार
सेक्शनमधल्या लोकांना मॅडमच्या भाषणाचा सारांश सांगितला. मुख्य मुद्दा असा की मॅडम सगळ्यांना आनंदाने नवीन खुर्च्या देणार आहेत. बारा जण खूश. जुनी डुगडुगती स्टुलं लगेच भंगारवाल्याला देऊन टाकली. निर्णय माझा. झटपट.

६ मार्च, गुरुवार
खुर्च्या आलेल्या नाहीत. लोक उभ्याने पानं चिकटवत आहेत. ऑफिसातून कळलं की मॅडम म्हणाल्या होत्या, ‘आय’ड ग्लॅडली’ खुर्च्या दिल्या असत्या, जर ऑर्डरी दुप्पट झाल्या असत्या तर. म्हणजे ‘ड’ निसटला आणि खुर्च्या गेल्या. इतक्या महत्त्वाच्या अक्षराचा उच्चार इतका हलका करणं ही बोलणाऱ्याची चूक आहे. ऐकणारा काय करणार?

७ मार्च, शुक्रवार
रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीवर एक पुस्तक आणलं. जुनं आहे, कडा कुरतडलेल्या, पण प्रकरण सातवं म्हणजे माझ्यासाठीच लिहिलंय. ‘ड’ म्हणजे ‘वुड’चा उरलेला तुकडा. आणि प्रॉबेब्ली, रिअली, नेव्हर वगैरे क्रियाविशेषणांची जागा ठरलेली: ‘ड’च्या नंतर, क्रियापदाच्या आधी. ‘आय’ड प्रॉबेब्ली गो.’ ‘आय प्रॉबेब्ली’ड गो’ म्हटलं तर ऐकणारा बिचकतो.
आपल्याकडे हे झंझट नाही. बहुधा मी गेलो असतो. मी बहुधा गेलो असतो. गेलो असतो मी, बहुधा. कुठेही बसा, कंडक्टर विचारत नाही. इंग्रजीत मात्र रिझर्व्हेशन.
म्हणजे सगळा प्रश्न जागेचा आहे. जागा कळली की इंग्रजी आलं. इतकी साधी गोष्ट लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही.

९ मार्च, रविवार
घरात जेवताना फक्त इंग्रजी बोलायचं, असा नियम केला. बायको म्हणाली, तिला चालेल. ती दवाखान्यात रिसेप्शनला असते आणि तिचं इंग्रजी ऐकवत नाही. ‘यू सिट. डॉक्टर कम. बेबी नो क्राय.’ नऊ वर्षं हेच. पेशंट बसतो, डॉक्टर येतात, बाळही गप्प होतं, तो भाग वेगळा. पण त्यात क्रियाविशेषण एकसुद्धा नाही. तसं तिला समजावलं. तिने भाजी माझ्यापासून लांब सरकवली. मी म्हटलं, ‘आय’ड रिअली लाइक सम मोअर.’ ‘रिअली’ अगदी आपल्या जागेवर. तिने मुलीला विचारलं, हे काय मागतायत. मुलगी कॉलेजात आहे, तिला कळलं असणार, पण तिने खांदे उडवले.
नियम तूर्त स्थगित. घरातल्यांची तयारी कमी पडते.

११ मार्च, मंगळवार, सकाळी ८
गेटवरच्या वॉचमनवर प्रयोग. म्हटलं, ‘आय’ड प्रॉबेब्ली बी लेट टुमॉरो.’ त्याने त्याचं आयडी कार्ड काढून दाखवलं. मग माझं मागितलं. माझं घरी राहिलं होतं. वीस मिनिटं बाहेर.
उच्चार चांगलाच स्पष्ट होतोय असं दिसतं.

१२ मार्च, बुधवार
गंभीर प्रकरण. कागद कापायचं नवीन ऑटोमॅटिक मशीन येणार, आणि आमच्या कटिंगवाल्याला काढणार, अशी कुजबुज आहे.
त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो, सव्वीस वर्षं झाली. पट्टी वापरत नाही. कागदाच्या गठ्ठ्याकडे एक डोळा मिटून बघतो, सांगतो, दीड मिलिमीटर जास्त आहे, आणि असतो. त्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. सून नुकतीच घरात आलेली. मुलगा दूर नोकरीला.
जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ डब्याचं झाकण लावत होता, काढत होता. मग म्हणाला, मॅडम म्हणे सेक्शनच्या प्रमुखांना विचारून ठरवणार आहेत, कोणाला ठेवायचं. सव्वीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही. एकदा छत्री मागितली होती, तीही अर्ध्या वाटेपर्यंत.
‘तू बोल ना त्यांच्याशी,’ तो म्हणाला. ‘तुला येतं.’
मी म्हटलं, माझ्यावर सोड.

१३ मार्च, गुरुवार
उद्या अकराची वेळ मिळाली. वाक्य आजच पक्कं करायला हवं. लांबण लावायची नाही, मॅडमना वेळ नसतो. एकच वाक्य, पण थेट काळजात.
मसुदा एक: ‘आय’ड मिस हिम.’ मला त्याची उणीव भासेल. बरोबर, पण कोरडं. जोर हवा. म्हणजे क्रियाविशेषण हवं.
‘रिअली’ नको. मॅडम चहासुद्धा ‘रिअली’ मागतात.
‘व्हेरी मच’ मधल्या जागेत बसत नाही, शेवटी जाऊन लटकतं. आयत्या वेळी घाई झाली की शेवटचे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडत नाहीत.
दुपारी सापडलं. हार्ड. हार्ड म्हणजे कडक, जबरदस्त. स्लोचं स्लोली होतं, क्विकचं क्विकली होतं, हार्डचं हार्डली. सातव्या प्रकरणातली यादी काढून बघितली. आहे. पान एकशे बारा, प्रॉबेब्ली, रिअली, नेव्हरच्या खालीच, हार्डली. जागा: ‘ड’च्या नंतर, क्रियापदाच्या आधी. शेजारच्या रकान्यात अर्थ दिलेत, ते बघत बसलो नाही. अर्थ समोर दिसतोच आहे.
‘आय’ड हार्डली मिस हिम.’
किती घट्ट बसलंय. मुलीला ऐकवणार होतो, पण तिची उद्या परीक्षा. आणि काही गोष्टी माणसाने स्वतःच्या बळावर कराव्यात.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी २
फत्ते.
तपशीलवार लिहितो, कारण असे दिवस रोज येत नाहीत. मॅडमनी बसायला सांगितलं. त्यांच्या टेबलावर मशीनचं कॅटलॉग उघडं होतं. त्यांनी मिलिमीटरबद्दल विचारलं. प्रश्नात दोन ‘ड’ होते, मी दोन्ही पकडले. तो नसला तर सेक्शनमध्ये कसं होईल, तुम्हाला काय वाटेल, असा एकूण आशय.
मी घाई केली नाही. मॅडमच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, ‘आय’ड हार्डली मिस हिम, मॅडम.’
‘ड’ ऐकू आला. ‘हार्डली’ जागेवर पडलं. आयुष्यात इतकं स्वच्छ इंग्रजी माझ्या तोंडून निघालेलं नाही.
मॅडम चकित झाल्या. पेन खाली ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं, ‘हार्डली?’
मी म्हटलं, येस. आणि एवढ्यावर न थांबता छातीवर हात ठेवून जोडलं, ‘वी’ड ऑल हार्डली मिस हिम.’
मग म्हणाल्या, इतकं मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभारी आहे. त्यांना या निर्णयाची धास्ती वाटत होती, आता सोपं झालं. वहीत लिहून घेतलं. उठून हात मिळवला.
खाली येऊन मिलिमीटरला सांगितलं, काम झालं. त्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. कागदाची भुकटी माझ्या मनगटाला लागली, ती मी अजून झटकलेली नाही.

१७ मार्च, सोमवार
मिलिमीटरने माझं इंग्रजीचं पुस्तक मागून नेलं. संध्याकाळी परत दिलं, तिन्ही बाजूंनी कापून. कडा काचेसारख्या. म्हणाला, इतक्या कामाचं पुस्तक, असं फाटकं बरं दिसत नाही.
संकल्प: एप्रिलपासून सेक्शनमध्ये इंग्रजीचा वर्ग. आठवड्यातून दोनदा. उभ्याने.

२० मार्च, गुरुवार, दुपारी
ऑफिसचा घोटाळा. मिलिमीटरला पत्र आलं. तो ते घेऊन थेट माझ्याकडे आला. एकतीस तारीख शेवटचा दिवस, असं पहिल्या परिच्छेदात आहे. दुसऱ्यात मात्र माझं वाक्य जसंच्या तसं, की बाइंडिंगच्या प्रमुखांच्या मते ‘ही वुड हार्डली बी मिस्ड’. वर कामावरून काढतात, खाली त्याची इतकी तारीफ करतात. टायपिस्टने दोन वेगळी पत्रं एकात चिकटवलेली दिसतात.
मिलिमीटरला तसं सांगितलं. तारखेचं मी बघतो, म्हटलं, पण बाकी बघ तुझ्याबद्दल काय लिहिलंय. त्याने विचारलं, काय लिहिलंय. सांगितलं: ‘यांची उणीव आम्हा सगळ्यांना फार म्हणजे फार भासेल.’ तो म्हणाला, हे मागे मराठीत लिहून दे, घरी दाखवतो. पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
मुलीला सहज किस्सा सांगितला. ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली.
हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच.
आय’ड हार्डली मिस हिम. तो गेला काय आणि राहिला काय, मला फारसा फरक पडणार नाही.
शब्दकोश बघितला. मग बायकोच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. मग पान एकशे बारा, शेजारचा रकाना. तिथेही तेच होतं.
वी’ड ऑल.
छातीवर हात ठेवून.

२१ मार्च, शुक्रवार
मॅडमना गाठून चूक कबूल करायची ठरवली. नो क्रियाविशेषण, नो ‘ड’. साधं वाक्य. ‘हार्डली’ ही माझी चूक, एवढंच. मॅडम जिन्यात भेटल्या, घाईत होत्या. मी म्हटलं, ‘हार्डली माय मिस्टेक, मॅडम.’ मधला ‘वॉज’ घाबरून गळाला.
मॅडम थांबल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, अर्थातच तुमची चूक नाही, तुम्हाला कोण दोष देतंय, मनाला लावून घेऊ नका.
मी म्हटलं, नो नो, हार्डली, हार्डली. त्या म्हणाल्या, एक्झॅक्टली. आणि गेल्या.
जागेवर येऊन बसलो. म्हणजे उभा राहिलो. स्टूल नाही.

२३ मार्च, रविवार
मुलीने पत्र लिहून दिलं. मी एकही शब्द बदलला नाही. एके ठिकाणी ‘सिन्सिअरली’ जरा पुढे हवं होतं असं वाटलं, पण गप्प बसलो. बायकोने वाचून घेतलं आणि विचारलं, चौदा तारखेला तिलाच मॅडमकडे का नेलं नाही. ती काय सांगणार होती, म्हटलं. म्हणाली, ‘ही गुड मॅन. प्लीज कीप.’
मी पत्र पाकिटात घातलं.

२५ मार्च, मंगळवार
मॅडमनी बोलावलं. पत्र वाचलं होतं. आज अगदी हळू बोलल्या, लहान मुलाशी बोलावं तसं, आणि प्रत्येक शब्द कळला. मशीनचा करार मागच्या मंगळवारीच झाला. त्यावर सह्या झाल्या. त्यांच्या वरच्यांना कळवून झालं. आता त्यांच्या हातात काही नाही.
दाराशी मी वळलो तेव्हा म्हणाल्या, ‘आय’ड हॅव प्रॉबेब्ली केप्ट हिम.’
ठेवलं असतं, बहुधा.
सातव्या प्रकरणाप्रमाणे ‘प्रॉबेब्ली’ हे ‘ड’च्या लगेच नंतर यायला हवं. मॅडमनी एक घर पुढे टाकलं. म्हणजे मॅडमचंही चुकतं. जिन्यावरून उतरताना हे लक्षात आलं. काहीच वाटलं नाही.

२६ मार्च, बुधवार
मिलिमीटरला सांगायचं, आजच. पण तो मशीनला तेल देत होता. तेल देताना माणसाचं लक्ष विचलित करू नये.

२७ मार्च, गुरुवार
सांगायचं होतं. त्याच्याजवळ सतत कोणीतरी. चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही.

२८ मार्च, शुक्रवार
एकटा होता. पातं बदलत होता. पातं हातात असलेल्या माणसाला सांगू नये.

३१ मार्च, सोमवार
निरोप समारंभ. कटिंग मशीनवर पांढरा कागद अंथरून त्यावर बिस्किटं ठेवली होती. मिलिमीटरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोलायला उभा राहिला, खिशातून ते पत्र काढलं, उलटं केलं आणि माझ्या अक्षरातलं वाक्य मोठ्याने वाचलं. यांची उणीव आम्हा सगळ्यांना फार म्हणजे फार भासेल. म्हणाला, हे माझ्या मित्राने मॅडमना सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बघून मॅडमनीही.
मग मला बोलायचा आग्रह झाला. उभा राहिलो. मराठीत बोलायचं होतं, जागा चुकायचा प्रश्नच नव्हता, कुठूनही सुरू केलं असतं तरी चाललं असतं. तोंड उघडलं आणि मिटलं.
लोकांना वाटलं, गहिवरून आलं.

३ एप्रिल, गुरुवार
नवं मशीन लागलं. बसवायला आलेला माणूस दोन तास शिकवून गेला. मॅडम बघायला आल्या. माझ्याशी काहीतरी बोलल्या. ‘यू’ड’ होतं त्यात, पुढचं ऐकलं नाही. लक्षच लागत नाही हल्ली. येस मॅडम म्हटलं. त्या फार खूश झाल्या.
संध्याकाळी नोटीस लागली. कटिंगचं काम यापुढे बाइंडिंगचे प्रमुख बघतील. त्यांनी स्वतः उत्साहाने तयारी दाखवली आहे.

५ एप्रिल, शनिवार
पहिली ऑर्डर. मिक्सरच्या दोन हजार माहितीपुस्तिका. मशीनच्या पडद्यावर आकडे दिले, हिरवं बटण दाबलं. अतिशय स्वच्छ कापलं. फक्त चार मिलिमीटर आत. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द टोपलीत. आता कोणी पुस्तिका वाचून मिक्सर लावला तर झाकण लावायचं की काढायचं हे त्याचं त्याने ठरवायचं.
बारा जण भोवती उभे होते. एकाने टोपलीतली एक पट्टी उचलून बघितली आणि परत टाकली.

६ एप्रिल, रविवार
सकाळी मिलिमीटरकडे गेलो. खोलीत खिडकीशी बसला होता, वर्तमानपत्राच्या कडा नखाने दुमडत. सुनेने खुर्ची दिली. किती दिवसांनी खुर्चीत बसलो.
सगळं सांगितलं. हार्डली, हार्ड, पान एकशे बारा, छातीवर हात. मध्ये कुठे थांबलो नाही. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, ‘माहीत आहे. सूनबाईने त्याच दिवशी पत्र वाचून दाखवलं.’
म्हणजे वीस मार्चपासून. तेल देताना, पातं बदलताना, सगळा वेळ.
मी विचारलं, मग निरोपाच्या दिवशी माझं लिहिलेलं सगळ्यांसमोर का वाचलंस.
‘पुढच्या बाजूचं वाचून काय करू?’ तो म्हणाला. ‘घरचे लोक आले होते.’
सुनेने चहा आणला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कप ठेवला आणि आत गेली.
मग मशीनचं सांगितलं. चार मिलिमीटर, दोन हजार पुस्तिका. त्याने डोळे मिटले, जणू कोणाला लागल्याचं ऐकलंय. शेवटी मी विचारलं, दोन-चार दिवस येऊन मला शिकवशील का. मॅडमना मी सांगतो, असं म्हणणार होतो, ते गिळलं.
तो म्हणाला, ‘आलो असतो.’
पुढे ‘पण’ येईल म्हणून मी थांबलो. आला नाही. चहा संपला. तो वर्तमानपत्राची दुसरी बाजू दुमडायला लागला.
बारा वाजता घरी आलो. बायकोने विचारलं, काय म्हणाला. सांगितलं. तिने एक क्षण विचार केला आणि ताट वाढायला घेतलं.
उद्या सातला मशीन सुरू करायचं आहे.